यातलं खरं ड्रॉइंग कोणतं?

१,९२० डबे. एका गाडीला १२० कोटी रुपये. ३५ वर्षांची देखभाल. लातूरजवळ हरंगुळला उभ्या राहिलेल्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याचा विषय निघाला की हे तीन आकडे हमखास निघतात.

त्यांची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. ३१ मार्च २०१८ ला भूमिपूजन झालं. २५ डिसेंबर २०२० ला डब्याचा पहिला सांगाडा, कारखान्याच्या बोलीत शेल, तयार झाला. जमीन ३५० एकर, पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे ५०० कोटी, ठरवलेली क्षमता वर्षाला २५० डबे. मग २०२३ मध्ये रशियाची ट्रान्समॅशहोल्डिंग आणि आपलं रेल विकास निगम यांच्या गटाला वंदे भारत स्लीपरच्या २०० गाड्यांपैकी १२० गाड्यांचं काम मिळालं. काइनेट रेल्वे सोल्युशन्स ही कंपनी त्यासाठीच काढली गेली, आणि डबे याच कारखान्यात बांधायचं ठरलं. १६ डब्यांच्या १२० गाड्या म्हणजे १,९२० डबे, आणि बांधणीची किंमत १४,४०० कोटी. वर्षाला २५० या मूळ वेगाने एवढे डबे करायचे म्हटले तर सात वर्षं आठ महिने लागतील, म्हणजे क्षमता वाढवणं ओघानेच आलं.

या आकड्यांवर लातुरात भरपूर बोलणं झालं. जमिनीचे भाव, नोकऱ्या, पूरक उद्योग, सगळं बोलून झालं. ड्रॉइंगबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. पूरक उद्योगांचा प्रश्न खरं तर तिथेच सुटतो किंवा अडतो. एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेटरला कारखान्याकडून पहिलं काम येईल तेव्हा लोखंड नंतर येईल, आधी ईमेलवर एक फाइल येईल. तिसऱ्या आठवड्यात तिची दुसरी आवृत्ती येईल. दोन महिन्यांनी शॉप फ्लोअरवर यातली कोणती फाइल चालू असेल, यावर त्याचा नफा ठरेल. या गोंधळाला आवर घालण्यासाठी जे सॉफ्टवेअर निघालं त्याला प्रॉडक्ट डेटा मॅनेजमेंट, म्हणजे पीडीएम म्हणतात.

१६ चे २४

कंत्राट झालं तेव्हा गाडी १६ डब्यांची होती. २०२४ च्या अखेरीस बातम्या आल्या त्या २४ डब्यांच्या गाड्यांच्या. १,९२० ला २४ ने भागलं की ८० गाड्या होतात, म्हणजे डबे तेवढेच, गाड्या कमी. त्याच सुमारास शौचालयांची संख्या, पँट्री आणि सामानाची जागा यांवरून आराखडा अडल्याच्याही बातम्या होत्या. चूक कोणाची, हा वाद इथे नको. आपल्याला बघायचं आहे ते एवढंच, की अशा एका बदलाने किती कागद हलतात.

समजा एका डब्यात एक शौचालय वाढलं. फरशीला नवं भोक पडतं. खाली बायो-टॉयलेटची टाकी टांगायला ब्रॅकेट लागतात, ते अंडरफ्रेमवर जोडायचे म्हणजे वेल्डिंगचं ड्रॉइंग बदलतं. वर पाण्याची टाकी पुरेल का हे पुन्हा तपासावं लागतं. नळ, निचरा, दार, पार्टिशनचे पॅनेल, दिवा, एक्झॉस्ट पंखा, त्यांच्या वायरी. जागा कुठून तरी काढायची, म्हणून बर्थ सरकतात, मग बर्थचे क्रमांक. शेवटी वजन बदलतं आणि बोगीवरचा भार पुन्हा मोजावा लागतो. म्हणायला बदल एक, पण ड्रॉइंग्ज दोन-तीन डझन, आणि ती पाच-सात वेगवेगळ्या विभागांची आणि पुरवठादारांची. यातलं एखादं जुनंच राहिलं तर ते कागदावर कळत नाही, टाकी बसवताना कळतं.

पीडीएममध्ये यासाठी एक साधी सोय असते. एखाद्या भागावर क्लिक करून विचारायचं, हा भाग कुठे-कुठे वापरलाय? यादी समोर येते. अनुभवी ड्राफ्ट्समन हे डोक्यातून सांगत असे, आणि तो निवृत्त झाला की यादीही त्याच्याबरोबर घरी जात असे.

स्विस, जर्मन, रशियन

परक्या देशाच्या ड्रॉइंगवरून डबा करायचा, हे आपल्या रेल्वेला नवं नाही. २ ऑक्टोबर १९५५ ला चेन्नईत पेरांबूरला इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली ती स्वित्झर्लंडच्या श्लीरेन कंपनीच्या आराखड्यावर. १९९५ मध्ये जर्मनीच्या लिंके-हॉफमान-बुशशी करार झाला आणि कपूरथळ्याचा कारखाना एलएचबी डब्यांकडे वळला. जुना डबा २१.३४ मीटर लांब होता, एलएचबी २३.५४ मीटर. या २.२ मीटरमुळेच स्लीपरचे ७२ बर्थ ८० झाले. ही वाढ प्रवाशाच्या लगेच लक्षात आली. डबा २.२ मीटरने वाढवायला ड्रॉइंग ऑफिसात काय-काय हललं असेल, ते प्रवाशाला कळायचं कारण नव्हतं.

त्या काळच्या ड्रॉइंग ऑफिसची एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मूळ ट्रेसिंग एकच असे. ते रेकॉर्ड रूममध्ये, रेकॉर्डकीपरच्या ताब्यात. शॉपला जायच्या त्या अमोनियाचा वास मारणाऱ्या निळसर प्रती. बदल करायचा तर सही करून मूळ ट्रेसिंग बाहेर काढायचं, सुधारायचं, कोपऱ्यातल्या तक्त्यात बदलाचा क्रमांक, तारीख, सही टाकायची, परत जमा करायचं. ट्रेसिंग एकाच्या टेबलावर असताना दुसऱ्याला त्यात हात घालणं शक्यच नव्हतं. रेल्वेच्या ड्रॉइंगवर आजही त्या तक्त्यात आल्ट, म्हणजे आल्टरेशनचा क्रमांक असतो. लखनौची आरडीएसओ १९५७ ची. तिच्या ड्रॉइंगवर काम करणाऱ्याला नुसता ड्रॉइंग क्रमांक सांगून चालत नाही, आल्ट कितवा तेही सांगावं लागतं.

संगणक आला आणि ट्रेसिंग गेलं. ड्रॉइंग काढणं, सुधारणं फार सोपं झालं यात शंका नाही. पण त्याबरोबर नक्कल करणं फुकट झालं आणि रेकॉर्डकीपरचं पद गेलं. पेनड्राइव्हवर एक प्रत, मेलमध्ये एक, व्हॉट्सअॅपवर पीडीएफ, कटिंगवाल्याकडे कापायच्या रेषांची डीएक्सएफ फाइल. मूळ कोणतं, हा प्रश्न विचारायची पाळी ट्रेसिंगच्या काळात कधी आलीच नव्हती. माझ्या मते पीडीएम ही नवी गोष्ट नाही. घालवलेला रेकॉर्डकीपर परत नेमणं, एवढंच ते आहे.

सातबारा आणि फेरफार

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला हे सॉफ्टवेअर समजावणं सोपं आहे. सातबारा म्हणजे आजची अधिकृत स्थिती, आपल्या भाषेत रिलीज झालेलं ड्रॉइंग. त्यात कुणी पेनाने खाडाखोड करत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंद पडते, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस असतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. जुना उताराही नाहीसा होत नाही, फेरफार क्रमांकावरून मागे-मागे जाता येतं. पीडीएमचं तंत्र हेच. फाइल एका तिजोरीत असते, तिला व्हॉल्ट म्हणतात. काम करायचं तर चेक-आउट करायचं, तोवर इतरांना ती फक्त वाचता येते. झालं की चेक-इन. मग ती तपासणीला जाते, मंजूर होते, तिला नवा रिव्हिजन क्रमांक मिळतो, आणि जुनी आवृत्ती इतिहासात राहते. कोणी, कधी, का बदललं, सगळं नोंदलेलं असतं. तलाठ्याच्या (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) दफ्तरात वेळ लागतो तसा इथेही लागतो, आणि डिझायनर मंडळींची पहिली तक्रार हीच असते.

पण बिनतिजोरीच्या कारभारात किती नाती सांभाळावी लागतात ते मोजून बघा. तिघे जण एकमेकांना फाइल पाठवत असतील तर पाठवणीच्या जोड्या ३. सहा जण झाले की १५, बारा झाले की ६६, चाळीस झाले की ७८०. माणसं दुप्पट झाली की जोड्या साधारण चौपट होतात. म्हणून तिघांच्या वर्कशॉपमध्ये "अरे, नवीन फाइल टाकलीय बघ" एवढ्यावर भागतं आणि बारा जणांच्या ऑफिसात तीच पद्धत दगा देते. माणसं तीच, हुशारही तितकीच. व्हॉल्टमध्ये प्रत्येकाचं नातं फक्त तिजोरीशी, म्हणजे १२ माणसांना १२ जोड्या.

आता फाइलींची गिनती. ४०० सुटे भाग असलेली मध्यम आकाराची असेंब्ली घेऊ. प्रत्येक भागाचं एक थ्री-डी मॉडेल आणि एक ड्रॉइंग, म्हणजे ८०० फाइली. प्रत्येकीच्या सरासरी तीन आवृत्त्या धरल्या तर २,४००. शिवाय असेंब्लीची फाइल आपल्या भागांना नावाने आणि जागेने ओळखते. कुणी फोल्डरचं नाव "नवीन काम" चं "नवीन काम फायनल" केलं, की उघडताना भाग सापडत नाहीत. त्यात विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची नेहमीची मर्यादा २६० अक्षरांची. फोल्डरात फोल्डर, त्यात ग्राहकाचं पूर्ण नाव, तारीख आणि "साहेबांनी सांगितल्याप्रमाणे" असं लिहीत गेलं तर ती गाठायला वेळ लागत नाही.

५३० किलोमीटर वायर

हा लहान गावचा, लहान माणसाचा दोष आहे असं कुणाला वाटत असेल तर एअरबसकडे बघावं. ए३८० या दुमजली विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर असते आणि जवळपास एक लाख वायरी. हॅम्बुर्गमध्ये विमानाचे काही भाग वायरिंगसह तयार होत आणि तुलूझला जोडले जात. जर्मनी-स्पेनमधले गट कॅटिया या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते, फ्रान्स-ब्रिटनमधले पाचवी. दोन्हींत वायरच्या वळणांचा हिशेब नीट जुळेना. तुलूझला जोडणी करताना वायरी तोकड्या पडल्या. १३ जून २००६ ला उशीर जाहीर झाला, दुसऱ्या दिवशी मूळ कंपनीचा शेअर २६ टक्क्यांनी कोसळला. विमान ठरल्यापेक्षा सुमारे दोन वर्षं उशिरा मिळू लागलं आणि नफ्यातला फटका ४.८ अब्ज युरोपर्यंत जाईल असा कंपनीचाच अंदाज होता. पैसा, माणसं, सॉफ्टवेअर, कशाचीच ददात नव्हती. सगळ्यांनी एकच मूळ प्रत वापरायची, हे वेळेत ठरलं नाही.

एक ब्रॅकेट

आता अब्जांवरून खाली येऊ. हिशेबापुरता एक ब्रॅकेट घेऊ. माइल्ड स्टीलची ६ मिलिमीटर जाड प्लेट, ३०० बाय २००, चार भोकं, एक बेंड. एका नगाचं वजन २.८३ किलो. ऑर्डर २०० नगांची, म्हणजे ५६५ किलो. किलोला ७० रुपये धरले तर माल ३९,५६४ रुपयांचा. लेझर कटिंग आणि बेंडिंगचे नगाला ६० धरले तर १२,००० रुपये.

ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक असतो. त्यात आल्ट २ चं आल्ट ३ झालंय, कारण दोन भोकं १२ मिलिमीटर सरकलीत. नवी पीडीएफ मालकाच्या मेलवर आली. मालकाने ती सुपरवायझरला व्हॉट्सअॅपवर पाठवली. कटिंगवाल्याकडे मात्र मागच्या खेपेची डीएक्सएफ पडून होती, आणि कटिंगच्या डीएक्सएफला सहसा टायटल ब्लॉक नसतो, नुसत्या कापायच्या रेषा असतात. त्याने तीच लावली. भोकं तर चारच, आकारही तोच, नजरेला काही खटकत नाही. २०० नग कापून, वाकवून, रंगवून गेले आणि इन्स्पेक्शनमध्ये नापास होऊन परत आले.

भंगारात किलोला ३० मिळाले तर १६,९५६ रुपये हाती येतील. मालातला तोटा २२,६०८, मजुरी १२,०००, एकूण ३४,६०८ रुपये. त्यात रंग, जाण्या-येण्याचं भाडं आणि पुन्हा कापायला लागलेले दिवस धरलेले नाहीत. पुरवठादाराच्या खात्यावर नापसंतीचा जो शेरा बसतो त्याला तर रुपयांत मोजताच येत नाही. रेल्वेच्या मंजूर पुरवठादारांच्या यादीत शिरायला जो वेळ जातो, तो गेलेल्यालाच ठाऊक.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नुसतं पीडीएम बसवून हा तोटा टळला असता असं नाही. कटिंगवाला तिजोरीच्या बाहेरचा माणूस आहे. टळला असता तो दोन गोष्टींनी. डीएक्सएफच्या नावातच आल्ट क्रमांक असता तर, किंवा खरेदी आदेशावर तो लिहिलेला असता तर. सॉफ्टवेअर विकणारे हे सांगत नाहीत.

आधीच भरलेले पैसे

लायसन्सच्या किमती मी इथे देत नाही, त्या डीलरगणिक आणि वर्षागणिक बदलतात. पण खरेदीआधी एक तपासणी फुकट होते. सॉलिडवर्क्सचं प्रोफेशनल किंवा प्रीमियम पॅकेज ज्यांच्याकडे आहे त्यांना पीडीएम स्टँडर्ड त्यातच मिळतं. ऑटोडेस्कच्या इन्व्हेंटरबरोबर व्हॉल्टची बेसिक आवृत्ती येते. पैसे भरलेले, तिजोरी घरात आलेली आणि खोकं उघडलेलंच नाही, अशी स्थिती असू शकते. स्टँडर्ड आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या फुकट मिळणाऱ्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर चालते. त्यात डेटाबेसच्या आकाराला मर्यादा असते, पण डेटाबेसमध्ये फक्त नोंदी राहतात, ड्रॉइंगच्या फाइली वेगळ्या साठवल्या जातात. लहान कारखान्याला तेवढी जागा बरीच वर्षं पुरावी. मोठ्यांसाठी सीमेन्सचं टीमसेंटर, पीटीसीचं विंडचिल अशी घराणी आहेत. गंमत म्हणजे या दोन्ही कंपन्यांची मोठी विकास केंद्रं पुण्यात आहेत, आणि तिथल्या इंजिनिअरांत मराठवाड्यातून गेलेल्यांचा तोटा नसावा.

माणसं पुण्याला जातात, हा या विषयातला सगळ्यात जवळचा धोका आहे. लातूर-नांदेडच्या लहान युनिटमध्ये डिझायनर बहुधा एक किंवा दोन. दोन-तीन वर्षं अनुभव घेऊन पोरगा चाकणला लागतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. पण ड्रॉइंग्ज त्याच्या लॅपटॉपवर, त्याच्या पद्धतीच्या नावांनी असतील तर त्याच्या जाण्याने युनिटची निम्मी स्मृती जाते. मग नवा येतो आणि तयार भागच कॅलिपरने मोजून ड्रॉइंग पुन्हा काढत बसतो.

नोंद ठेवायचं वळण कॉलेजातच लावता येईल. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे, लातुरात बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला चौघांचा गट असला तरी जोड्या ६ होतातच. तोंडी परीक्षेत "मॉडेल दाखव" म्हणतात, त्याबरोबर "पहिली आवृत्ती दाखव आणि दुसरीत काय, का बदललं ते सांग" एवढं विचारलं तरी मुलं नोंद ठेवायला लागतील.

आता त्या ३५ वर्षांकडे. कंत्राटात देखभाल ३५ वर्षांची आहे, म्हणजे आज काढलेलं ड्रॉइंग २०६० नंतरही कुणाला तरी उघडावं लागणार. ३५ वर्षं मागे गेलं तर आपण १९९० च्या आसपास पोचतो. त्या वर्षी विंडोज ३.० आलं होतं, सॉलिडवर्क्सची पहिली आवृत्ती यायला अजून पाच वर्षं होती. त्या वेळची फाइल आज सरळ उघडेलच याची खात्री कोण देईल? १९५५ चं ट्रेसिंग मात्र आजही डोळ्यांनी वाचता येतं. म्हणून मोठे कारखाने मूळ फाइलीबरोबर स्टेप या तटस्थ स्वरूपातली प्रत आणि दीर्घकाळ टिकण्यासाठीची पीडीएफ-ए प्रतही ठेवतात. दुसरी अडचण याहून बारीक आहे. या गाड्यांच्या देखभालीसाठीच्या जोधपूरच्या भगत की कोठी डेपोत एखादा डबा दुरुस्तीला आला, तर तो डबा ज्या दिवशी बांधला त्या दिवशीचं ड्रॉइंग लागणार, ताजं नाही. म्हणजे तिजोरीला प्रत्येक डब्याचा वेगळा इतिहास सांभाळावा लागतो. १,९२० डब्यांचे १,९२० इतिहास. रेल्वे पुरवठादारांसाठीच्या आयएसओ २२१६३ या मानकात कॉन्फिगरेशन व्यवस्थापनाची वेगळी अट आहे ती यासाठीच.

लहान युनिटने एवढ्या खोल पाण्यात लगेच उतरायची गरज नाही. माझं मत विचाराल तर तीन डिझायनरांपर्यंत पीडीएम नसलं तरी चालेल, शिस्त नसली तर चालणार नाही. ड्रॉइंगला अर्थहीन, सलग क्रमांक द्यावेत, त्यात ग्राहकाचं नाव, वर्ष, मापं कोंबू नयेत. मंजूर प्रतींचं एकच फोल्डर ठेवावं, त्यात लिहिण्याचा अधिकार एकाच माणसाला द्यावा. नवी प्रत शॉपवर गेली की जुनी हाताने परत घेऊन तिच्यावर "रद्द" शिक्का मारावा. चौथा डिझायनर आला, किंवा बाहेरच्या ग्राहकाच्या आल्टचे बदल महिन्याला दोन-चार येऊ लागले, की मग सॉफ्टवेअर. ही घडी बसवल्याशिवाय पीडीएम घेतलं तर गोंधळच तिजोरीत जाईल, कुलूपबंद होऊन.

हे सगळं जमेल तेव्हा जमेल. उद्या सकाळी एक काम करा. तुमच्या खरेदी आदेशाचं आणि जॉब कार्डाचं छापील पुस्तक काढा, ड्रॉइंग क्रमांकाच्या रकान्याशेजारी "आल्ट / रिव्हिजन" असा एक रकाना वाढवा, आणि तो कोरा असेल तर कटिंग सुरू करायचं नाही असं शॉपवर सांगून ठेवा. छपाईचा खर्च काहीशे रुपयांच्या वर जाणार नाही.